न चावलेली मनुका

पहाटे पाच वाजता सरांनी केकचा डबा उघडला, तेव्हा त्यांना फक्त वास घ्यायचा होता. वास घेतल्याने उपास मोडत नाही, हे त्यांनी स्वतःला दोनदा बजावलं. आदल्या दुपारपासून पोटात पाण्याशिवाय काही गेलं नव्हतं, आणि नऊ वाजता दवाखान्यात जाऊन एक कॅमेरा गिळायचा होता. मोठ्या कॅप्सूलएवढा हा कॅमेरा फोटो काढत काढत आतड्यातून खाली सरकणार आणि गेले चार महिने सरांचं रक्त नेमकं कुठे गळतंय ते शोधून काढणार. त्यासाठी आतली वाट स्वच्छ हवी. डॉक्टरांनी सक्त ताकीद दिली होती: पाणी सोडून काही नाही, चहासुद्धा नाही.

आता वासाचं असं असतं, की तो नीट घ्यायचा तर नाक केकच्या फार जवळ न्यावं लागतं आणि नाकाच्या खाली लगेच तोंड असतं. पुढच्या दीड मिनिटात काय घडलं ते सरांना सलग आठवत नव्हतं. आतल्या खोलीत बायकोचा पलंग करकरला, तेव्हा त्यांच्या तोंडात दोन बोटं जाडीचा काप होता आणि ते तो चावत नव्हते, नुसता ढकलत होते. घाईघाईने पाण्याचा पेला तोंडाला लावला. डोळ्यांत पाणी आलं, छातीत काहीतरी अडलं, आणि मग सगळं एकदम खाली गेलं.

मात्र सर विज्ञानाचे शिक्षक होते. कडेचा काप कापला असता तर कापलेली बाजू उघडी पडली असती. त्यांनी काप काढला होता तो बरोबर मधोमध, आणि उरलेले दोन्ही तुकडे एकमेकांकडे सरकवून असे काही जोडून ठेवले की देवालासुद्धा सांधा दिसला नसता. सुरी धुतली, पुसली, जागेवर ठेवली. बायको स्वयंपाकघरात आली तेव्हा सर खुर्चीत बसून भिंतीकडे बघत होते.

"झोप नाही ना लागली?" ती म्हणाली. "मलाही नाही. कालपासून मीही काही खाल्लेलं नाही. म्हटलं, तुम्ही उपाशी, तर माझ्या घशाखाली घास कसा उतरेल?"

सरांना हे माहीत नव्हतं. केक तिने तपासणीनंतर त्यांनी उपास सोडावा म्हणून केला होता, आणि त्यांचं रक्त कमी झालंय म्हणून त्यात मूठभर काळ्या मनुका घातल्या होत्या. "मनुकांनी रक्त वाढतं," असं ती आठवडाभर म्हणत होती. खाली गेलेला केक सरांच्या पुन्हा घशाशी आला.

शाळेत त्यांना सगळे बत्तीस सर म्हणत, अगदी शिपायापासून मोठ्या बाईंपर्यंत. एकतीस वर्षं ते नववीला पचनसंस्था शिकवत होते आणि एकतीस वर्षं एकच मंत्र देत होते: प्रत्येक घास बत्तीस वेळा चावा, कारण जठराला दात नसतात. डब्याच्या सुट्टीत ते वर्गावर्गांतून फिरत आणि मुलांच्या जबड्यांकडे बघत. कुणी अठराव्या चावण्याला घास गिळला तर सर त्याच्या बाकापाशी थांबत, आणि पुढचा घास त्या बिचाऱ्याला मोठ्याने मोजत चावावा लागे. एकदा तर शिक्षकांच्या खोलीत त्यांनी मोठ्या बाईंना चोविसाव्याला अडवलं होतं. ती गोष्ट शाळेत अजून सांगितली जाते, बाई जवळपास नसताना.

कॅमेऱ्याचा घाट ज्याने घातला तो डॉक्टर याच शाळेतला, सरांच्याच वर्गात शेवटच्या बाकावर बसलेला. पित्त कुठे तयार होतं या प्रश्नाला त्याने मूत्रपिंड असं उत्तर लिहिलं होतं आणि सरांनी त्याला भोपळा दिला होता. कॅमेरा गिळल्यावर दवाखान्यात पडून राहायची गरज नसते, कमरेला पट्टा आणि यंत्राची डबी बांधून हिंडता येतं, आणि हवं तर आतलं चित्र तिथल्या तिथे पडद्यावर बघता येतं, असं तो बोलता बोलता बोलून गेला. झालं. सरांचे डोळे चमकले. एकतीस वर्षं त्यांनी फाटक्या तक्त्यावर छडी ठेवून आतडं दाखवलं होतं. दोन महिन्यांनी ते निवृत्त होणार होते. शेवटचा पाठ स्वतःच्या पोटातून घ्यायचा, असं त्यांनी तिथेच ठरवून टाकलं. मोठ्या बाईंनी शाळेचा हॉल दिला, मोठा पडदा दिला, आणि आपणही बसणार असल्याचं कळवलं.

त्यामुळे नऊ वाजता दवाखान्यात डॉक्टरने कागद पुढे ओढून, "सर, काल दुपारपासून काही खाल्लेलं नाही ना?" असं विचारलं, तेव्हा सरांपुढे तसे दोन रस्ते होते. खरं सांगितलं असतं तर तपासणी आठवडाभर पुढे गेली असती, एवढंच. पण शेजारी बायको उभी होती, कालपासून उपाशी. शाळेत बेचाळीस मुलं हॉलमध्ये खुर्च्या लावत होती.

"तुला काय वाटतं?" सर म्हणाले.

डॉक्टर शरमला आणि त्याने रकान्यात 'नाही' असं लिहिलं. तांत्रिकदृष्ट्या आपण खोटं बोललो नाही, याचं सरांना थोडं समाधान वाटलं. शिवाय त्यांनी मनातल्या मनात हिशेब मांडला होता. पाचला खाल्लेलं नऊपर्यंत जठरातून पुढे जातं, हे तर ते स्वतःच शिकवत आले होते. मैद्याचं काम लाळेने सुरू केलं असेल, अंड्याचं आम्लाने, लोण्याला पुढे पित्त भेटेल, आणि साखर तर केव्हाच रक्तात मिसळून बेपत्ता झाली असेल. केकचा पुरावा एव्हाना पचून गेला असणार. या साऱ्या मांडणीत एकच गोष्ट सरांच्या नजरेतून सुटली. लाळ, आम्ल, पित्त हे सगळे आपापलं काम करतात, पण त्यांच्या आधी दातांनी त्यांचं केलेलं असावं लागतं.

साडेदहाला हॉलमधले पडदे ओढले गेले. कॅमेरा गिळून, कमरेला पट्टा बांधून सर पडद्याशेजारी उभे होते, हातात छडी; यंत्रापाशी डॉक्टर बसला होता. पहिल्या ओळीत मोठ्या बाई, त्यांच्या शेजारी सरांची बायको. तिच्या मांडीवर केकचा डबा होता, कारण एक वाजता सरांना थोडं खायला द्यायला डॉक्टरने परवानगी दिली होती. सरांनी तो डबा पाहिला. एक वाजता ती डबा उघडणार, सुरी लावणार आणि केक आपणहून दुभंगणार. एकला अजून अडीच तास होते. तेवढ्या वेळात सर काहीतरी कारण शोधणार होते.

पण पडद्यावर चित्र उमटलं आणि सर सगळं विसरले. कॅमेरा जठरातून निसटून लहान आतड्यात शिरला होता. गुलाबी, ओली, हळूहळू आवळणारी आणि सैल होणारी भिंत दिसत होती, आणि तिच्यावर टॉवेलवर असते तशी बारीक लव हलत होती. मुलांनी श्वास रोखला. सर सांगत होते, की ही लवच अन्न शोषून घेते, हिच्यातूनच पाव, भाजी, दूध यांचं आपण होतो, आणि ही सगळी लव पसरून ठेवली तर एखाद्या खोलीची जमीन झाकली जाईल. पुढच्या रांगेतल्या चष्मेवाल्या मुलीने विचारलं, की तुकडा मोठा राहिला तर ही लव त्याला शोषू शकते का.

"नाही," सर छातीठोकपणे म्हणाले. "मोठा तुकडा तसाच पुढे जातो. म्हणून काय करायचं?"

"बत्तीस वेळा चावायचं," सगळा वर्ग म्हणाला.

लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. सरांना ही म्हण आठवायला आणि पडद्यावर ते दिसायला एकच गाठ पडली.

गुलाबी भिंतीला टेकून एक गोळा बसला होता. काळा, गुळगुळीत, फुगलेला, वर दोनतीन सुरकुत्या. पडद्यावर तो फुटबॉलएवढा दिसत होता. कॅमेरा त्याच्यापाशी येऊन थांबला आणि पुढे सरकेना. सरांनी त्याला पहिल्या नजरेत ओळखलं. अर्ध्या मिनिटाने वळून पाहिलं, तर डॉक्टरच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला होता.

"सर, पाठ जरा थांबवू या," तो हळूच म्हणाला आणि फोन घेऊन हॉलबाहेर गेला.

दाराच्या काचेतून तो दिसत होता. एका हातात फोन, दुसऱ्या हाताने हवेत गोल आकार काढत होता, सुपारीएवढा, मग लिंबाएवढा. आत मुलं कुजबुजायला लागली. सरांच्या बायकोने डबा छातीशी धरला होता. सर पडद्याकडे पाठ करून उभे राहिले, पण त्यांच्या पाठीमागे तो गोळा तसाच होता आणि सगळ्यांच्या नजरा त्याच्यावरच होत्या. खाई त्याला खवखवे म्हणतात. सरांना आता सर्वांगाला खवखवत होतं.

डॉक्टर परत आला तो आधी मोठ्या बाईंशी, मग सरांच्या बायकोशी बोलला आणि सगळ्यांत शेवटी सरांशी. दवाखान्यातल्या मोठ्या सर्जनना त्याने चित्र पाठवलं होतं. त्यांचं मत पडलं, की आतड्यात गाठ आहे, तिच्यावर रक्त साकळून काळं झालंय, रक्त गळतंय ते इथूनच, आणि आता कॅमेराही तिथेच अडकलाय. तीन वाजता ऑपरेशनची खोली रिकामी आहे. सरांनी सही केली की झालं, पोट उघडून गाठ आणि कॅमेरा दोन्ही एकदमच बाहेर काढता येतील.

"पोट उघडून?" सरांनी विचारलं.

"इथून इथपर्यंत," डॉक्टरने स्वतःच्या शर्टावर बोट फिरवून दाखवलं.

बायकोने डबा खुर्चीवर ठेवला आणि ती तोंडाला पदर लावून रडायला लागली. एकतीस वर्षांत सरांनी तिला असं चारचौघांत रडताना पाहिलं नव्हतं. मोठ्या बाईंनी मुलांना शांतपणे बाहेर जायला सांगितलं, पण एकही मूल उठलं नाही. एक मुलगा म्हणाला, की सरांना सोडून आम्ही जाणार नाही, आणि सरांना ते फार लागलं. इकडे आड, तिकडे विहीर. बोललं नाही तर पोट फाडलं जाणार. बोललं तर एकतीस वर्षांची अब्रू बेचाळीस मुलांसमोर उघडी पडणार. प्रामाणिकपणे सांगायचं तर, काही क्षण सर पोटाच्या बाजूने नव्हते. टाके काय, महिनाभरात भरून येतात, असासुद्धा विचार त्यांच्या डोक्यात येऊन गेला. मग त्यांनी बायकोकडे पाहिलं. उपाशी पोटी रडल्याने तिला उचकी लागली होती.

सरांनी छडी टेबलावर ठेवली. "ती गाठ नाही," ते म्हणाले. "ती मनुका आहे."



"आज पहाटे पाच वाजता मी केक खाल्ला. दोन बोटं जाड काप. आणि तो मी न चावता गिळला."

हे सांगून सरांनी डोळे मिटले आणि जे व्हायचं त्याची वाट बघत राहिले. व्हायचं ते झालंच नाही. डोळे उघडले तर डॉक्टर त्यांच्या खांद्यावर हात ठेवून उभा होता आणि त्याचे डोळे पाणावले होते.

"सर, ऑपरेशनची भीती सगळ्यांनाच वाटते," तो म्हणाला. "माणूस घाबरला की काहीही बोलतो. पण तुम्ही, आणि न चावता?"

मोठ्या बाईंनीही मान हलवली. सरांनी चोरून केक खाल्ला असेल हे त्या एक वेळ मानायला तयार होत्या. न चावता खाल्ला हे मात्र त्यांना सूर्य पश्चिमेला उगवल्याइतकं अशक्य वाटत होतं. चोविसाव्याला अडवलं गेल्याची आठवण त्यांच्या मनात ताजी होती. सर कळकळीने सांगू लागले, की बारीक झालेलं अन्न जठर आधी सोडतं आणि मोठे तुकडे मागे ठेवून शेवटी झाडून काढावेत तसे एका झटक्यात पुढे ढकलतं. म्हणूनच मनुका आणि कॅमेरा बरोबरच निघाले. डॉक्टरने ते मन लावून ऐकून घेतलं. मग तो सरांच्या बायकोला म्हणाला, की बघा काकू, एवढ्या भीतीतही सर शिकवतायत.

"अगं, तू तरी सांग," सर बायकोला म्हणाले. "डबा उघड."

तिने डोळे पुसले, डबा उघडला. केक अख्खा होता. तिने तो सगळ्यांना दिसेल असा तिरपा धरला, आणि सरांचं पहाटेचं कसब असं की सांधा कुणालाही दिसेना. "सकाळी ठेवला तसाच आहे हो," ती रडत म्हणाली. तीन वाजायला साडेतीन तास होते आणि डॉक्टरने खिशातून सहीचा कागद काढला होता. सर पुढे झाले, त्यांनी डबा हातात घेतला आणि दोन्ही तुकडे दोन्हीकडे ओढले.

केक मधोमध दुभंगला. बायकोने आधी फटीकडे पाहिलं, मग सरांकडे. तिचं रडणं थांबलं. उचकीसुद्धा थांबली.

"म्हणजे मी कालपासून उपाशी," ती सावकाश म्हणाली, "आणि तुम्ही मधला काप."

तिने डबा त्यांच्या हातातून परत घेतला. पण डॉक्टर अजून डळमळत होता. सरांनी केक खाल्ला हे सिद्ध झालं, मान्य; पण तो त्यांनी बत्तीस वेळा चावूनच खाल्ला असणार, आणि बत्तीस वेळा चावल्यावर मनुका काही अख्खी राहत नाही. तेव्हा पडद्यावर आहे ती गाठच. सर्जन वाट बघत होते. एवढ्या मोठ्या विश्वासाखाली माणूस कसा चिरडला जातो ते सरांना त्या दिवशी कळलं. आपण अधाशी आहोत हे पटवून द्यायला त्यांच्याजवळ आता एकच पुरावा उरला होता.

तपासणीचा तर बट्ट्याबोळ झालाच आहे, मग आणखी एका तुकड्याने काय बिघडतंय, असं ते डॉक्टरला म्हणाले. त्यांनी सुरी मागितली. पहाटेच्याच मापाचा काप कापला, त्यात चार मनुका दिसत होत्या. मग वर्गाकडे तोंड करून उभे राहिले.

"मोजा," सर म्हणाले.

मुलं बावरली. एकतीस वर्षांच्या नियमाप्रमाणे सर मोजत आणि मुलं चावत. उलटं कधी झालं नव्हतं. शेवटी चष्मेवालीने सुरुवात केली आणि मग सगळ्यांनी तिच्या सुरात सूर मिसळला. सरांनी पहाटेचा तो अंधार आठवला, पलंगाची करकर आठवली, आणि अर्धा काप तोंडात कोंबला.

"एक," वर्ग म्हणाला. "दोन."

तीन म्हणायला बेचाळीस तोंडं उघडली आणि तशीच राहिली. सरांचा घसा वर गेला, खाली आला, आणि तोंड रिकामं झालं. उरलेला अर्धा काप तर एकातच गेला. मोठ्या बाईंनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा घातला. इतक्या सफाईने गिळणारा माणूस त्यांनी आयुष्यात पाहिला नव्हता. ही एका पहाटेत आलेली कला नव्हे, एवढं त्यांना कळलं.

"सर," डॉक्टर कुजबुजला, "तुम्ही नेहमी असंच..."

"घरी," सर म्हणाले. "फक्त घरी."

डॉक्टरने सहीचा कागद घडी करून खिशात घातला आणि सर्जनना फोन लावला. तो मनुका हा शब्द तीनदा म्हणाला, तिसऱ्यांदा अक्षरं सुटी करून. तेवढ्यात वर्गातून एकच आवाज उठला. पडद्यावर आतडं आवळलं होतं आणि काळा गोळा हलला, एका अंगावर वळला, देठाची बारीक खूण दाखवून गेला आणि लोळत लोळत अंधारात नाहीसा झाला. कॅमेरा मोकळा होऊन त्याच्या मागे निघाला. चार बोटं पुढे भिंतीवर एक लहानसा व्रण होता, मुगाच्या दाण्याएवढा, मधे लाल ठिपका. डॉक्टरने चित्र तीन वेळा मागे नेऊन तो पाहिला. रक्त गळत होतं ते तिथून. गुडघ्यासाठी सर घ्यायचे त्या दुखण्यावरच्या गोळ्यांचं ते काम होतं. त्या बंद करायच्या, दुसऱ्या सुरू करायच्या, दोन महिन्यांत जखम भरेल. चिरफाडीचं नावसुद्धा काढायचं कारण नव्हतं.

सर पहिल्या ओळीतल्या रिकाम्या खुर्चीत बसले. शेजारी बायको होती. तिने केकचा एक तुकडा कापून घेतला होता आणि ती तो खात होती. समोर बघत, घाई न करता, एकेक घास पूर्ण बत्तीस वेळा चावून. सर नकळत मोजत होते. आपण मोजतोय हे तिला कळतंय, हेही त्यांना कळत होतं. शेकडो घासांवर नजर ठेवलेल्या माणसाला एवढा लांब घास कधी भेटला नव्हता.

डॉक्टर चिठ्ठी लिहून घेऊन आला. रोज सकाळी एक गोळी, उपाशी पोटी.

"एक लक्षात ठेवायचं, सर," तो म्हणाला आणि पुढचं कसं सांगावं ते न कळून जरा घुटमळला. "ही गोळी चावायची नाही. अख्खीच्या अख्खी गिळायची."

बायकोने बत्तिसावं चावणं पुरं केलं, घास गिळला आणि चिठ्ठी त्याच्या हातातून घेतली.

"त्याची नका काळजी करू, डॉक्टर," ती म्हणाली. "ते त्यांना येतं."